इसबावरील पर्यावरणीय प्रभावांच्या अभ्यासातील प्राणी-प्रारूपे

इसबाच्या रुग्णाभोवती धूळ, कोरडी हवा, साबण, धूर आणि जंतू एकाच वेळी असतात. त्यांतले नेमके काय बाधले, हे नुसत्या त्वचेकडे पाहून कळत नाही. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात मात्र एकच गोष्ट बदलून बाकी सगळे जसेच्या तसे ठेवता येते. प्राणी-प्रारूपांचा, म्हणजे माणसाचा आजार समजून घेण्यासाठी अभ्यासल्या जाणाऱ्या प्राण्यांचा, खरा उपयोग तिथेच आहे.

सर्वांत बोलके उदाहरण जपानमध्ये १९५७ साली तयार झालेल्या एनसी/एनगा या उंदरांच्या वाणाचे. ठराविक रोगजंतू व परजीवींपासून मुक्त ठेवलेल्या जागेत हे उंदीर धडधाकट राहतात. तेच साध्या प्राणिगृहात वाढवले, की सहा ते आठ आठवड्यांचे असताना खाजवू लागतात. कान, चेहरा, मान, पाठ लाल होते, खपल्या धरतात आणि रक्तातील आयजीई ही अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंडे वाढतात. १९९७ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. जनुके तीच, फक्त राहण्याची जागा वेगळी! पुढे धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांचा अर्क मलमातून लावूनही या उंदरांत असाच आजार निर्माण करता आला.

हवेचे परिणामही असेच तपासले गेले. १० टक्क्यांहून कमी आर्द्रतेत ठेवलेल्या केसहीन उंदरांची बाह्यत्वचा जाड होते. डिझेलच्या धुरातील कणांबद्दल २०१७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलेली साखळी तर मुळातून समजून घेण्याजोगी आहे: प्रदूषकांमुळे त्वचेच्या पेशींतील एएचआर हे ग्राही प्रथिन जागे होते, आर्टेमिन हे चेतातंतूंची वाढ घडवणारे प्रथिन तयार होते, त्याने चेतातंतू बाह्यत्वचेत शिरतात आणि साध्या स्पर्शानेही खाज सुटते.

उंदराची त्वचा माणसासारखी नाही, हे विसरून चालत नाही. ती पातळ आणि दाट केसांची असते; घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त तळपायांवर असतात. त्यामुळे घामाने चिघळणारा इसब उंदरात नीट अभ्यासता येत नाही. कुत्र्याला हा आजार आपोआप होतो, आणि कुत्रा माणसाच्याच घरात, त्याच धुळीत राहतो. म्हणून त्याच्याकडून मिळणारी माहिती अधिक मोलाची वाटते.

खाज मोजण्यासाठी मागच्या पायाने खाजवण्याच्या खेपा कॅमेऱ्यावर मोजतात. म्हणजे त्या जिवाला खाज सोसावीच लागते. ती कमीत कमी प्राण्यांना, कमीत कमी काळ व्हावी, हे पाहणे संशोधकाचे कर्तव्य आहे. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय (प्राण्यांऐवजी दुसरे साधन), घट (कमी प्राणी) आणि सुधारणा (कमी त्रास) ही तत्त्वे त्यासाठीच आहेत. प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या त्वचेवर संरक्षक थराची झीज तपासता येते. खाजवणे मात्र तिथे पाहता येत नाही.