यंत्रातला ‘न्यूरॉन’ आला कुठून?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत सुरुवातीच्या प्रकरणांतच एक आकृती असते. डावीकडे फांद्या फुटलेली चेतापेशी, उजवीकडे बाण आत घेणारं आणि एक बाण बाहेर सोडणारं वर्तुळ, आणि दोन्ही एकच आहेत असं सुचवणारी मांडणी. ही जोडी कोणत्या काळात, कशाच्या बळावर जमली, हे तिथे क्वचितच सांगितलेलं असतं. मराठीत लिहिताना एक सोय आहे, ती इथे वापरतो: शरीरातली ती चेतापेशी आणि यंत्रातला तो न्यूरॉन. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

चेतापेशी स्वतंत्र असते हेच मुळात बराच काळ मान्य नव्हतं. १८७३ मध्ये एका इटालियन वैद्याने मेंदूच्या कापाला चांदीच्या क्षाराने रंगवण्याची पद्धत शोधली. तिची गंमत अशी की शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या पडतात, पण ज्या पडतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. त्याला स्वतःला त्यात सलग जाळं दिसलं. एका स्पॅनिश संशोधकाला त्याच पद्धतीने सुट्या सुट्या पेशी दिसल्या. १८९१ मध्ये ‘न्यूरॉन’ हा शब्द रुळला, १८९७ मध्ये दोन पेशींमधल्या जोडासाठी ‘सिनॅप्स’ आला. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि इटालियन महाशयांनी पारितोषिकाचं भाषण सुट्या पेशींचं मत खोडण्यात खर्ची घातलं. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशी-पेशींमधली फट दाखवली आणि वाद मिटला.

आपल्या विषयाचं खरं मूळ १९२६ मधल्या केंब्रिजच्या एका प्रयोगात आहे. बेडकाचा एक छोटा स्नायू कापत कापत इतका कमी केला की त्यात ताण ओळखणारं एकच टोक उरलं. मग त्याला वजन टांगलं आणि त्या टोकाकडून येणाऱ्या तंतूतले विजेचे आवेग मोजले. वजन वाढवलं तरी आवेग मोठा होत नव्हता. प्रत्येक आवेग तेवढाच. वाढत होती ती वारंवारता: जड वजनाला आवेग भराभर, हलक्याला सावकाश. म्हणजे चेतापेशीबद्दल एकाच मेजावर दोन गोष्टी कळल्या. एक, ती उडते (म्हणजे आवेग सोडते) किंवा उडत नाही, अर्धवट उडत नाही. दोन, किती वेगाने उडते यात मजकूर असतो. पुढच्या सगळ्या कथेत या दोन गोष्टींपैकी कोणती उचलायची, हाच प्रश्न आहे.

१९४३ मध्ये शिकागोत एक मेंदूतज्ज्ञ आणि त्याच्यासोबतचा वीस वर्षांचा, स्वतःच शिकलेला तर्कशास्त्री या दोघांनी पहिली गोष्ट उचलली. उडणे म्हणजे ‘खरे’, न उडणे म्हणजे ‘खोटे’. एकदा असं मानलं की चेतापेशींचं जाळं हे तर्कशास्त्राचं वाक्य होतं, आणि कोणतंही तर्कवाक्य अशा जाळ्यात बांधता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. त्यासाठी पाच गृहीतकं त्यांनी उघडपणे लिहून ठेवली होती. त्यातलं एक असं की पेशीला रोखणारा एक जरी संदेश आला तरी ती उडणारच नाही. दुसरं असं की जाळ्याची रचना काळानुसार बदलत नाही. शरीराचा थोडासा परिचय असलेल्या माणसालाही ही दोन्ही खटकतात, आणि त्या मेंदूतज्ज्ञाला ती ठाऊक नव्हती असं मानायचं कारण नाही. उसना आणलेला शब्द अटींसकट आणला होता. अटी मागे पडल्या त्या नंतर.

पहिली उसनवारी खुद्द संगणकाने केली. १९४५ च्या जूनमध्ये साठवलेल्या प्रोग्रामवर चालणाऱ्या संगणकाचा जो मसुदा फिरला, त्यात यंत्राच्या भागांना ‘अवयव’ म्हटलं होतं, साठवणीच्या भागाला ‘मेमरी’, आणि मंडलातले घटक समजावताना १९४३ च्या त्या लेखातल्या पेशींचा आधार घेतला होता. आज माहिती प्रणालीच्या पहिल्या धड्यात प्रोसेसर आणि मेमरी यांची चौकट काढताना हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

रचना बदलत नाही ही अट १९४९ मध्ये सैल झाली. एका मानसशास्त्रज्ञाने मांडलं की एक पेशी दुसरीला वारंवार उडवायला हातभार लावत असेल तर त्यांच्यातला दुवा घट्ट होतो. १९५८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथे १९४३ ची आणि १९४९ ची अशा दोन्ही कल्पना एकत्र आल्या आणि पर्सेप्ट्रॉन, म्हणजे शिकू शकणारा न्यूरॉन, जन्मला. न्यूरॉनकडे येणाऱ्या प्रत्येक बाणाला एक वेट, म्हणजे त्याला किती महत्त्व द्यायचं तो आकडा, सगळ्यांची बेरीज, बेरीज उंबरठ्याच्या वर गेली तर उत्तर ‘हो’. चुकलं की वेट थोडं सरकवायचं. पुढे बांधलेल्या यंत्रात ४०० प्रकाशघट होते आणि वेट म्हणजे खरोखरीची फिरती बटणं, रेडिओचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणासारखी, जी छोट्या मोटारी फिरवत असत. जुलै १९५८ मधलं पहिलं प्रात्यक्षिक मात्र एका भल्यामोठ्या संगणकावर झालं. खूण डावीकडे आहे की उजवीकडे, एवढंच ते पन्नासेक प्रयत्नांत शिकलं. वर्तमानपत्रात छापून आलं ते असं की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील आणि स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव ठेवेल. अतिशयोक्तीचा हा मजकूर आजच्या बातम्यांत जसाच्या तसा चिकटवला तरी तारीख ओळखू येणार नाही.

आता तो वादग्रस्त भाग. १९६९ मध्ये बॉस्टनजवळच्या दोन गणितींनी पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादांवर एक पुस्तक काढलं. सर्वत्र सांगितली जाणारी कथा अशी: न्यूरॉनला ‘दोहोंपैकी नेमकं एक’ हे साधं कोडं सुटत नाही असं त्यांनी सिद्ध केलं, त्यामुळे पैसा आटला आणि क्षेत्र दहा-पंधरा वर्षं गोठलं. कथा सोपी आहे म्हणून टिकली आहे.

कोडं आधी समजून घेऊ. जिन्यातला दिवा आठवा, वर एक बटण आणि खाली एक. कोणतंही एक दाबलं की दिवा लागतो, दोन्ही दाबली की विझतो. आता हा दिवा एकाच न्यूरॉनकडून लावून घ्यायचा आहे. काहीच दाबलेलं नसताना बेरीज शून्य आणि दिवा बंद, म्हणजे उंबरठा शून्याच्या वर हवा. तो ५ धरा. फक्त वरचं बटण दाबल्यावर दिवा लागायला हवा, म्हणजे त्याचं वेट किमान ५. फक्त खालचं दाबल्यावरही लागायला हवा, म्हणजे त्याचंही किमान ५. मग दोन्ही दाबल्यावर बेरीज किमान १० आणि दिवा आणखीच खात्रीने लागणार. पण तेव्हा तो विझायला हवा होता. ५ च्या जागी दुसरा कोणताही धन आकडा घ्या, अडचण तीच. एवढीच ती सिद्धता. पुस्तकात याहून बरंच खोल गणित आहे, पण लोकांच्या लक्षात हा जिना राहिला.

मात्र हे गुपित कधीच नव्हतं. १९४३ च्या लेखातच न्यूरॉन एकापुढे एक लावून कोणतंही तर्कवाक्य बांधून दाखवलं होतं, आणि त्यात हेही आलंच. दोन थर असले की जिना सुटतो, हे १९६९ च्या लेखकांनाही माहीत होतं आणि पर्सेप्ट्रॉनच्या जनकालाही. ठिणगी पडली ती पुढच्या विधानावर. अनेक थरांच्या जाळ्यांकडे वळूनही फारसं हाती लागणार नाही, असं लेखकांनी आपलं अंतर्ज्ञान म्हणून लिहिलं. सिद्धतांनी भरलेल्या पुस्तकातल्या अंदाजालाही सिद्धतेचं वजन येतं, आणि माझ्या मते नुकसान केलं ते या एका वाक्याने. त्याला व्यक्तिगत कंगोराही होता: लेखकांपैकी एक आणि पर्सेप्ट्रॉनचा जनक एकाच शाळेत वर्षाच्या अंतराने शिकलेले. उत्तर द्यायला जनक फार काळ राहिला नाही. १९७१ मध्ये, त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, नौका अपघातात तो गेला.

पण पुस्तकाला सगळा दोष देण्यातही अर्थ नाही. थर वाढवायला कुणाची हरकत नव्हती, मधल्या थरांना शिकवायचं कसं हे कुणाला नीट येत नव्हतं. शेवटचं उत्तर चुकलं तर मधल्या कोणत्या न्यूरॉनचा किती दोष? हे काढायचं तर वेट किंचित हलवल्यावर उत्तर किंचित कसं हलतं ते पाहावं लागतं. आणि उडेन-किंवा-नाही अशा न्यूरॉनचं उत्तर किंचित हलतच नाही. एक तर जागच्या जागी राहतं, नाहीतर एकदम उडी मारतं. गणिताच्या भाषेत उतार सगळीकडे शून्य. वाट अडवून बसली होती ती चेतापेशीकडून घेतलेली पहिलीच गोष्ट.

१९८६ मध्ये बॅकप्रोपगेशनचा चार पानी लेख आला, त्यात उंबरठ्याची पायरी घासून गुळगुळीत चढण केली होती. न्यूरॉन आता ०.३ किंवा ०.८ असंही उत्तर देऊ लागला, कुठे किती चुकलं याचा हिशेब थरांमधून उलटा मागे नेता येऊ लागला, आणि जिन्याचा दिवा यंत्र स्वतःच शिकलं. (उलट्या हिशेबाची युक्ती १९७० मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात आणि १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरेटच्या प्रबंधातही आहे. श्रेय कुणाचं यावर अजून भांडण चालू आहे, त्यात इथे पडत नाही.) ०.३ म्हणजे काय, तर आवेगांची वारंवारता, असं समर्थन दिलं गेलं. म्हणजे १९२६ मधल्या बेडकाची दुसरी गोष्ट साठ वर्षांनी उपयोगी पडली. या मुख्य वाटेवर मात्र दोन्ही एकाच वेळी घेतल्या गेल्या नाहीत.

जीवशास्त्राच्या बाजूने लगेच हरकती निघाल्या. १९८९ मध्ये डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एकाने, जो तोवर मेंदूकडे वळला होता, स्पष्ट लिहिलं की मेंदू असं काही करत असण्याची शक्यता नाही. आवेग अक्षतंतूतून, म्हणजे संदेश बाहेर नेणाऱ्या तंतूतून, एका दिशेने जातो, चुकांचा हिशेब घेऊन त्याच वाटेने परत येत नाही. शिवाय एकच न्यूरॉन एका शेजाऱ्याला धन आणि दुसऱ्याला ऋण वेट देऊ शकतो, तर चेतापेशी साधारणपणे एक तर उत्तेजक असते नाहीतर रोधक. हरकती आजही बऱ्याच अंशी उभ्या आहेत. अभियंत्यांना त्याने फरक पडला नाही, कारण यंत्र चालत होतं.

२०१२ मध्ये तर ते धावलंच. १२ लाख छायाचित्रांवर शिकलेलं, ६,५०,००० न्यूरॉन आणि ६ कोटी वेट असलेलं जाळं खेळांसाठी बनलेल्या दोन ग्राफिक्स कार्डांवर पाच-सहा दिवस चाललं. चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत त्याची चूक १५.३ टक्के होती आणि दुसऱ्या क्रमांकाची २६.२. त्याच्या थरांची मूळ कल्पना मांजराच्या दृष्टिकेंद्रावरच्या १९५९ नंतरच्या प्रयोगांपर्यंत मागे नेता येते, पण त्यातला न्यूरॉन उणे बेरजेला शून्य सांगतो आणि अधिक बेरीज तशीच पुढे ढकलतो. पेशीशी असलेलं साम्य इतकं ढोबळ तर १९४३ मध्येही नव्हतं. २०१७ पासून ‘अटेन्शन’ (लक्ष देणं) हा आणखी एक उसना शब्द सर्वत्र रुळला. २०२४ मध्ये या क्षेत्रातल्या दोघांना नोबेल मिळालं, ते भौतिकशास्त्राचं.

याच काळात बातम्यांत एक तुलना घुसली. २०२० मधल्या एका भाषा-मॉडेलमध्ये १७५ अब्ज वेट, आणि माणसाच्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी, म्हणजे यंत्र दुप्पट! ८६ अब्ज हा आकडा खरा कष्टाचा आहे. आधी सगळे सरधोपट १०० अब्ज म्हणत. २००९ मध्ये संशोधकांनी मेंदूचं अक्षरशः सूप केलं, त्यात तरंगणारी पेशीकेंद्रकं रंगवून मोजली, तेव्हा हा आकडा आला. त्यातल्या सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत आणि फक्त १६ अब्ज मोठ्या मेंदूच्या सालीत. पण वेटची जोडी पेशीशी लागत नाही, लागलीच तर सिनॅप्सशी लागते, आणि ते एका पेशीवर हजारोंनी असतात.

जिन्याच्या दिव्याकडे पुन्हा एकदा. २०२० मध्ये अपस्मार आणि मेंदूतल्या गाठींच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या मेंदूच्या तुकड्यांवर प्रयोग झाले. चेतापेशीच्या वृक्षिकांमध्ये, म्हणजे आत संदेश घेणाऱ्या फांद्यांमध्ये, कॅल्शियममुळे उठणारा एक वेगळाच आवेग सापडला. उंबरठ्याइतक्या उत्तेजनाला तो सर्वांत जोरात उठतो, उत्तेजन त्याहून वाढवलं की मंदावतो. संगणकी प्रतिमानात हा गुण घातला तेव्हा ‘दोहोंपैकी नेमकं एक’ हे कोडं एका फांदीला सोडवता आलं. १९६९ मध्ये जे एका न्यूरॉनला अशक्य ठरलं होतं, तेच.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उलट बाजूने मोजमाप केलं: मेंदूच्या सालीतल्या एका चेतापेशीच्या तपशीलवार प्रतिमानाची हुबेहूब नक्कल करायला न्यूरॉनचं केवढं जाळं लागतं? पाच ते आठ थरांचं लागलं. पेशीच्या सिनॅप्सवरचे एनएमडीए नावाचे रासायनिक दरवाजे प्रतिमानातून काढून टाकले, तेव्हा मधला एकच थर पुरला.