१.१५९ चा गुणाकार

घरात कुणाला मधुमेह किंवा बीपी असेल तर रक्ततपासणीच्या कागदावरचा 'क्रिएटिनिन'चा आकडा तुम्हाला पाठ असेल. स्नायूंतून रक्तात येणारा हा टाकाऊ पदार्थ किडन्या गाळून टाकतात; त्या थकल्या की तो रक्तात वाढतो. त्याच्या खाली बहुतेक वेळा 'ईजीएफआर' छापलेलं असतं. किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात, याचा तो अंदाज. तो थेट मोजत नाहीत. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढं सूत्रात घालून काढतात. अमेरिकेत २००९ मध्ये आलेल्या सूत्रात मात्र आणखी एक पायरी होती. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचं.

आता दोन माणसं घ्या. वय तेच, क्रिएटिनिन तेच. गोऱ्याचं उत्तर आलं १८. काळ्याचं, गुणाकार करून, जवळजवळ २१. किडनी प्रत्यारोपणासाठी तिथे रांगेतला वेळ मोजायला लागतात तो आकडा २० किंवा त्याखाली गेल्यावर. एकाचा नंबर लागला, दुसऱ्याला सांगितलं की तुमचं अजून बरं चाललंय. आणि अमेरिकेत किडन्या निकामी होण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांतच कितीतरी जास्त आहे.

हा गुणक कुणी खोडसाळपणे घातला नव्हता. अभ्यासातल्या कृष्णवर्णीय सहभागींमध्ये तेवढ्याच गाळणक्षमतेला क्रिएटिनिन सरासरीने जास्त दिसलं होतं. त्यांचे स्नायू भरदार असतील, असं म्हणून विषय मिटवला गेला. मग ज्याची आई गोरी आणि वडील काळे, त्याला कितीने गुणायचं? असले अडचणीचे प्रश्न लावून धरणाऱ्यांत वैद्यकीय विद्यार्थी पुढे होते. २०२१ मध्ये वंशाचा गुणक नसलेलं नवं सूत्र आलं.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन शास्त्रज्ञांचा फोटो छापून आला होता: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. गोऱ्यांच्या मापाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचं इतकं थोडक्यात उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आणि हा प्रश्न पुण्यातल्या डॉक्टरला पडला, यातही नवल नाही.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि किडनीचे विकार यांची काही माणसांवर जास्त आणि टाळता येण्याजोगी मेहेरनजर असते. त्याला आरोग्य-विषमता म्हणतात. ती कमी करण्यासाठी नव्या संशोधकांना मुद्दाम घडवावं, हा विचार अमेरिकेत बरीच वर्षं अमलात आणला गेलाय. त्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातलं आहे.

हृदयरोगाबद्दल आज आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम या गावातून आलं. तिथे १९४८ मध्ये ५,२०९ जणांचा अभ्यास सुरू झाला, आणि ते जवळपास सगळे गोरे होते. जॅक्सनमध्ये २००० ते २००४ या काळात ५,३०६ कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांची नोंदणी झाली. काम सोपं नव्हतं. शेजारच्या अलाबामातल्या टस्कीगीत सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हाताशी असतानाही, उपचार न देता नुसतं 'पाहिलं' होतं. ते ज्यांच्या आठवणीत आहे, त्यांच्याकडे रक्ताचा नमुना कोणत्या तोंडाने मागायचा? म्हणून या अभ्यासात मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राबरोबर कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या दोन शिक्षणसंस्था बरोबरीने उतरल्या. त्यातलं टूगलू कॉलेज म्हणजे, गोऱ्यांसाठी राखीव वाचनालयात पुस्तक वाचत बसले म्हणून १९६१ मध्ये ज्याच्या नऊ विद्यार्थ्यांना अटक झाली होती, ते. तिथे पदवीची मुलं आपल्या अभ्यासक्रमाच्या जोडीने साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकू लागली. ज्या वस्तीचं रक्त तपासायचं, तिथलीच मुलं विदा, म्हणजे डेटा, हाताळणार.

पुढच्या टप्प्यावर, म्हणजे डॉक्टरेट झालेल्या पण अजून स्वतःचा निधी न मिळालेल्यांसाठी, अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने 'प्राइड' नावाची शिबिरं चालवली. उन्हाळ्यात एकत्र राहून शिकायचं, नंतर अनुभवी मार्गदर्शकाने पाठ सोडायची नाही, आणि निधीचा अर्ज दहादा लिहून घ्यायचा.

पण यात नेमकं शिकायचं काय असतं? संख्याशास्त्र पुस्तकातून येतं. माणूस डॉक्टरकडे का जात नाही हे शोधण्याचं कसब कसं येतं, ते रोनाल्ड व्हिक्टर या हृदयरोगतज्ज्ञाच्या कामात दिसतं. बरेच कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाहीत, पण केस कापायला नेमाने, वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत येऊन बसतात. म्हणून त्यांनी आधी डॅलसमधल्या १७ सलूनमध्ये न्हाव्यांनाच रक्तदाब मोजायला शिकवलं. दाब जास्त निघाला की न्हावी गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवायचा. फरक पडला, पण बेताचाच. कल्पना छान, निकाल सामान्य; इथे पुष्कळांनी निबंध छापून पुढचा विषय घेतला असता. व्हिक्टर अडून राहिले. गळती खुर्ची आणि दवाखाना यांच्या मधल्या वाटेवर होती. मग लॉस एंजेलिसमधल्या ५२ सलूनमध्ये नवा प्रयोग झाला. काही सलूनमध्ये न्हाव्याने पूर्वीसारखाच डॉक्टरकडे जायचा आग्रह करायचा. बाकीच्यांत प्रशिक्षित फार्मासिस्टच दुकानात यायचा, तिथेच दाब मोजायचा आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच गोळ्या सुरू करायचा. ३१९ पुरुष, सुरुवातीचा वरचा दाब सरासरी १५३-१५५. सहा महिन्यांनी नुसत्या आग्रहाच्या गटात तो ९.३ ने उतरला होता, फार्मासिस्टच्या गटात २७ ने. औषधं नेहमीचीच. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी व्हिक्टर गेले.

असं काम करायला पैसा लागतो आणि तिथे घोडं पेंड खातं. २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे आलेले अर्ज तपासले. शिक्षण, आधीचं काम वगैरे सगळं जमेस धरूनही कृष्णवर्णीय अर्जदाराला निधी मिळण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा सुमारे १० टक्के-अंकांनी कमी निघाली. २०१९ मध्ये त्याच संस्थेतल्या मंडळींनी आणखी खोलात जाऊन पाहिलं. या तफावतीचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग निव्वळ विषयाच्या निवडीतून येत होता. कृष्णवर्णीय संशोधक वस्ती, समाज, लोकसमूह अशा पातळीवरचे विषय जास्त घेतात आणि नेमक्या त्याच विषयांना पैसे कमी मिळतात. रेणू आणि पेशींवरच्या अर्जांचं नशीब बरं. माझ्या मते सगळ्या शिबिरांची मेहनत इथे वाया जाते: वस्तीत जायला शिकवायचं आणि वस्तीत गेलेल्याचा अर्ज मागे ठेवायचा.

वस्तीचं विज्ञान दुय्यम समजणाऱ्यांना मी पीसीएसके-९ ची गोष्ट ऐकवतो. या जनुकातल्या एका प्रकारच्या बिघाडाने एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, जन्मभर कमी राहतं. डॅलसच्या लोकसमूह-अभ्यासात तो कृष्णवर्णीयांमध्ये सापडला. पण त्याने हृदय खरंच वाचतं का, हे कळायला वर्षानुवर्षं माग ठेवलेली माणसं हवी होती. ती १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका जुन्या अभ्यासात मिळाली. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय सहभागी जॅक्सनचे होते. नंतरचा जॅक्सनचा मोठा अभ्यास त्याच्याच पायावर उभा राहिला. २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत, बिघाड असलेल्या २.६ टक्के कृष्णवर्णीयांचं एलडीएल २८ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. मग औषध कंपन्यांची धावपळ सुरू झाली. त्या जनुकाने बनणाऱ्या प्रथिनाला अडवणारी पहिली दोन इंजेक्शनं अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाली. आता मुंबई-पुण्यातले हृदयरोगतज्ज्ञही अशी इंजेक्शनं लिहून देतात, आणि तिथे रुग्णाचा वर्ण कुणी विचारत नाही.