चिनाबचा गाळ आणि मृतसाठ्याचं भांडण

पावसाळ्यात धरणांचे आकडे वाचताना ‘मृतसाठा’, म्हणजे धरणाच्या तळाशी राहणारं, एरवी न वापरलं जाणारं पाणी, या शब्दापाशी आपण थांबत नाही. सिंधू पाणीवाटप करारात मात्र याच शब्दावरून दोन देश वर्षानुवर्षं भांडले.

१९६०च्या या करारानं रावी, बियास, सतलज भारताला आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला दिल्या. पाकिस्तानच्या वाट्याच्या तीन नद्यांवर भारतानं वीज करावी, पाणी फारसं साठवू नये. मृतसाठ्याच्या पातळीखाली दरवाजे हवेतच, तर गाळासारखं ठोस तांत्रिक कारण दाखवायचं. तेही शक्य तितके लहान आणि उंचावर. पाकिस्तानची धास्ती अशी, की खालचे दरवाजे हाती आले तर भारत जलाशय रिकामा करील आणि ऐन पेरणीत पुन्हा भरत बसेल. धास्ती अगदीच पोकळ नाही.

पण चिनाब हिमालयातली नदी, पाण्याबरोबर डोंगरही वाहून आणते. जलाशयात शिरताच प्रवाह मंदावतो. जाड वाळू वरच्या तोंडाशीच बसते, बारीक चिखल भिंतीपर्यंत येतो. थर चढत चढत टर्बाइनच्या वाटेपर्यंत पोचला की कठीण कण पाती घासून काढतात. तळाशी दरवाजा असेल तर पाणी उतरवून, नदीला पुन्हा वेग देऊन गाळ खेचून नेता येतो. चिनाबवरच्या भारताच्या सलाल धरणात १९७८च्या तडजोडीनंतर तळाचे दरवाजे कायमचे बुजवले. काही वर्षांतच जलाशय गाळानं भरला!

चिनाबवरच्याच बगलिहार धरणाच्या वेळी पाकिस्ताननं जागतिक बँकेकडे तटस्थ तज्ज्ञ मागितला. स्विस अभियंते रेमंड लाफित यांनी फेब्रुवारी २००७मध्ये निकाल दिला: करार आजच्या अभियांत्रिकीच्या प्रकाशात वाचायचा. खालचे दरवाजे मान्य झाले. भिंतीची उंची मात्र दीड मीटरनं घटली आणि वापराचा साठा ३७.५ वरून ३२.५६ दलघमीवर (दशलक्ष घनमीटर) आला. मला हे वाचन नदीच्या जास्त जवळचं वाटतं. २०१३मध्ये झेलमच्या उपनदीवरच्या किशनगंगा वीजप्रकल्पाच्या वादात लवाद न्यायालय उलट बोललं: अनपेक्षित आणीबाणी सोडली तर पातळी मृतसाठ्याखाली न्यायची नाही, गाळ धुण्यासाठीसुद्धा नाही. करार तोच, कलमंही तीच.

एप्रिल २०२५मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारतानं करार स्थगित ठेवला. पुढच्याच महिन्यात सलाल आणि बगलिहारचा गाळ धुऊन काढल्याच्या बातम्या आल्या.