केबल मोडेमचं मानक: वाद मिटेना, तर दोन्ही ठेवा

केबलवरून इंटरनेट देणाऱ्या डॉक्सिस मानकाची पहिली आवृत्ती 1997 ची. 1999 च्या 1.1 ने फोन कॉलच्या डेटाला रांगेत पुढे सोडायची सोय केली. 2006 च्या 3.0 ने अनेक चॅनल एकत्र बांधले आणि डाउनलोड शेकडो मेगाबिटवर गेला. अपलोडला मात्र कायम सावत्र वागणूक. अमेरिकेत तेव्हा त्याच्या वाट्याला 5 ते 42 मेगाहर्ट्झची पट्टी, आणि तीही गोंगाटाची, म्हणजे नको त्या सिग्नलनी भरलेली. एखाद्या घरातला ढिला कनेक्टर किंवा ठिणग्या टाकणारी मोटर पुरते. सगळ्या घरांचा हा कचरा वर जाताना नोडपाशी, म्हणजे फायबर संपून केबल सुरू होते त्या वस्तीतल्या पेटीपाशी, एकत्र साचतो.

या गोंगाटावर उपाय कोणता, यावरून 2001 अखेरच्या 2.0 च्या वेळी दोन तट पडले. निवड करायचं टाळून दोन्ही पद्धती प्रत्येक मोडेमला सक्तीच्या केल्या गेल्या. एक ए-टीडीएमए, म्हणजे मोडेमनी आळीपाळीने बोलायचं; दुसरी एस-सीडीएमए, म्हणजे वेगवेगळ्या कोडने एकाच वेळी बोलायचं. त्यातली एस-सीडीएमए पुढे फारशी कुणी चालू केलीच नाही. चिपमध्ये मात्र ती बसून राहिली.

2013 च्या 3.1 ने 6 मेगाहर्ट्झच्या चॅनलची चौकट मोडून ओएफडीएम (डेटा असंख्य बारीक लहरींत वाटून पाठवायची पद्धत) आणलं, अपलोडला 204 मेगाहर्ट्झपर्यंत वाट दिली. तिथून खरा तिढा सुरू झाला. 2017 मध्ये 3.1 लाच फुल डुप्लेक्सची पुरवणी जोडली गेली: 108 ते 684 मेगाहर्ट्झ या एकाच पट्टीत ये-जा एकाच वेळी, स्वतःच्याच सिग्नलचा प्रतिध्वनी वजा करून. कागदावर फारच देखणं. पण अट अशी की नोड आणि घर यांच्यामध्ये एकही अॅम्प्लिफायर (वाटेत सिग्नल वाढवणारं उपकरण) नको, म्हणजे फायबर जवळजवळ दारापर्यंत न्यायचं. ज्यांच्या तारांवर ओळीने पाच-सहा अॅम्प्लिफायर आहेत, त्यांनी हे का सोसावं? त्यांनी दुसरा मार्ग धरला: ये-जा वेगवेगळ्या पट्ट्यांतच ठेवायची, वरची मर्यादा 1.8 गिगाहर्ट्झला न्यायची. 2020 मध्ये 4.0 प्रसिद्ध झालं, त्यात दोन्ही. डाउनलोड 10 गिगाबिट, अपलोड 6 गिगाबिट, ही कमाल क्षमता दोघांची तीच. रस्त्यावरची उपकरणं मात्र वेगळी. तेव्हाच एक निवडायला हवं होतं, कारण मोठ्या कंपन्या विभागल्या गेल्या आणि चिप बनवणाऱ्यांचा बाजारही.

पुढे फुल डुप्लेक्स पेलणारे अॅम्प्लिफायर आले, त्यामुळे मूळ अट सैल झाली. मग दोन्ही पद्धती चालवणाऱ्या एकत्रित चिप आल्या, म्हणजे 2.0 चाच तोडगा, पुन्हा. अॅम्प्लिफायर बदलायचं काम त्या चिपने टळत नाही, ते खांबाखांबावर चढूनच करावं लागतं.