लाल टोपण की केशरी? ४०चं इन्सुलिन, १००चं इन्सुलिन आणि त्यांच्या सिरिंज

भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं आणि त्यासाठी सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. मेडिकलच्या काउंटरवर त्या सारख्याच वाटतात. जाडी तीच, सुई तितकीच बारीक, वेष्टणही सारखंच. फरक टोपणाच्या रंगात आणि नळीवर छापलेल्या आकड्यांत असतो. त्याकडे लक्ष गेलं नाही, तर पेशंटच्या अंगात ठरलेल्या डोसच्या अडीच पट इन्सुलिन जाऊ शकतं किंवा निम्म्याहूनही कमी. दोन्ही वेळा भरणाऱ्याला वाटतं, आपण बरोबर २० वरच थांबलो.

आधी युनिट म्हणजे काय ते बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. युनिट हे इन्सुलिनच्या प्रमाणाचं माप आहे, पाण्याचं नाही. १९२० च्या दशकात टोरांटोमध्ये इन्सुलिन पहिल्यांदा तयार झालं, तेव्हा सशाची शुगर किती उतरते यावरून युनिट ठरवत. आज मानवी इन्सुलिनचं १ युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम. ते बाटलीत असो, इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये असो, पुण्यात असो की लंडनमध्ये, २० युनिट म्हणजे २० युनिटच. बदलतं ते फक्त एवढंच, की हे २० युनिट किती मिलिलिटर द्रवात मावले आहेत.

बाटलीवर ‘४० आय.यू./मि.ली.’ लिहिलेलं असेल, तर १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट आहेत. म्हणजे २० युनिटांसाठी अर्धा मिलिलिटर लागतो. ‘१०० आय.यू./मि.ली.’ असेल, तर तेच २० युनिट ०.२ मिलिलिटरमध्ये येतात. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात आणि बहुतेक मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मानवी इन्सुलिनच्या बाटल्या साधारणपणे ४०च्या असतात: १० मिलिलिटरची बाटली, एकूण ४०० युनिट. पेनमध्ये घालायची ३ मिलिलिटरची काडतुसं आणि तयार भरलेली पेनं सहसा १००ची, म्हणजे एका काडतुसात ३०० युनिट. पण बाटली दिसली म्हणून ४०ची धरून चालू नका. काही नव्या इन्सुलिनच्या बाटल्याही १००च्या येतात. लेबल वाचायचं, आणि प्रत्येक नव्या बाटलीचं वाचायचं.

आता सिरिंज. ४०च्या सिरिंजचं टोपण लाल असतं. १ मिलिलिटरच्या नळीवर ५, १०, १५ असे आकडे ४० पर्यंत जातात आणि एक बारीक रेघ म्हणजे १ युनिट. १००च्या सिरिंजचं टोपण केशरी असतं. १ मिलिलिटरच्या नळीवर १०, २०, ३० करत आकडे १०० पर्यंत जातात आणि इथे एक रेघ म्हणजे २ युनिट. त्यामुळे १५ युनिट भरायचे तर दांडा १४ आणि १६ च्या रेघांच्या मधे थांबवावा लागतो, आणि हात थरथरणाऱ्या किंवा नजर अधू झालेल्या माणसाला ते जमत नाही. अर्धा मिलिलिटरची, ५० युनिटांची केशरी सिरिंजही मिळते. तिच्यावर एक रेघ १ युनिटाची असते. डोस ५० च्या आत असेल आणि बाटली १००ची असेल, तर तीच मागून घ्यावी.

रंग ही पहिली खूण आहे, शेवटची नाही. टोपण निघालं की दोन्ही सिरिंज पुन्हा सारख्या दिसतात. म्हणून टोपण काढण्याआधी नळीवरचा ‘यू-४०’ किंवा ‘यू-१००’ हा छाप आणि बाटलीवरचा आकडा शेजारी धरून मोठ्याने वाचायची सवय लावावी. घरी वाचणारी व्यक्ती शाळेत जाणारी नात असली तरी चालेल, फक्त दोन आकडे जुळायला हवेत.

आकडे जुळले नाहीत तर काय होतं, ते २० युनिटांच्या डोसवर बघा. ४०ची बाटली आणि केशरी सिरिंज असेल, तर २० च्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलिटर भरतं आणि त्यात असतात फक्त ८ युनिट. उलट १००चं इन्सुलिन आणि लाल सिरिंज असेल, तर २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरतं आणि त्यात असतात ५० युनिट.

दुसरी चूक त्याच दिवशी दिसते: घाम, थरथर, भूक, धडधड, गोंधळलेलं बोलणं, आणि वेळेत लक्षात आलं नाही तर बेशुद्धी. पहिली चूक मात्र महिनोन् महिने लपून राहते, आणि आमच्या मते तीच जास्त फसवी. समजा पेशंट ४०चं इन्सुलिन केशरी सिरिंजने घेतोय. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस २० चा ३० करतात, मग ४० करतात. ४० च्या रेघेवर त्याला खरे १६ युनिट मिळत असतात आणि शुगर आता कुठे आटोक्यात येते. कागदावर डोस ‘४०’ असतो. मग एके दिवशी गावातल्या मेडिकलमध्ये केशरी सिरिंज संपलेली असते आणि दुकानदार लाल देतो, म्हणजे खरं तर योग्य सिरिंज देतो. पेशंट रोजच्यासारखं ४० पर्यंत भरतो आणि १६ ऐवजी पूर्ण ४० युनिट घेतो. हाच प्रकार दवाखान्यात दाखल झाल्यावरही होतो. वॉर्डातली सिस्टर केसपेपरवरचे ४० युनिट योग्य सिरिंजने बरोबर देते आणि तासाभरात पेशंटची शुगर घसरायला लागते. म्हणून डोस वाढवूनही शुगर हलत नसेल, तर डोस आणखी वाढवण्याआधी पेशंटला बाटली आणि वापरलेली सिरिंज घेऊन बोलवा आणि समोर भरून दाखवायला सांगा. त्याच वेळी पोटावर, मांडीवर टोचायच्या जागी गाठी झाल्या आहेत का तेही हाताने चाचपून बघा, कारण गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

आकड्यांचा आणखी एक गोंधळ आहे. मिश्र इन्सुलिनच्या बाटलीवर ठळक अक्षरात ‘३०/७०’ किंवा ‘५०/५०’ लिहिलेलं असतं. ती ताकद नव्हे. बाटलीत लवकर काम करणारं इन्सुलिन ३० टक्के आणि सावकाश काम करणारं ७० टक्के आहे, एवढंच त्यातून कळतं. ३०/७० चं इन्सुलिन ४०चंही असतं आणि १००चंही. ‘माझं इन्सुलिन कितीचं?’ याला ‘तीस-सत्तरचं’ असं उत्तर आलं, तर सिरिंजबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. अशी मिश्र बाटली गढूळ असते. भरण्याआधी तळहातांमध्ये धरून १० वेळा हलकेच फिरवायची आणि १० वेळा उलटसुलट करायची, म्हणजे पांढरा थर सगळीकडे सारखा होतो. जोरात हलवली तर फेस आणि बुडबुडे होतात आणि डोस कमी भरतो.

बाटलीवरून पेनवर जाताना लोक हमखास विचारतात: पेनमधलं इन्सुलिन १००चं, म्हणजे जास्त कडक, मग डोस कमी करायचा का? नाही. बाटलीतून २० युनिट चालू होते, तर त्याच इन्सुलिनच्या पेनवरही २० च फिरवायचे. पेन स्वतःच कमी द्रव सोडतं. इन्सुलिनचा प्रकारच बदलला, तर डॉक्टर डोस बदलू शकतात, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तो निर्णय डॉक्टरांचाच. पेनवर दरवेळी नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का ते बघायचं, आणि टोचल्यावर बटण दाबून धरून सावकाश १० मोजायचे. सुई लगेच काढली तर थेंब कातडीवर राहतो.

पेन बिघडलं म्हणून काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढण्याचा प्रकार घरोघरी चालतो. तो बंद व्हायला हवा. घरात लाल सिरिंज असते, काडतूस १००चं असतं, आणि अडीच पटीचा अपघात नेमका इथेच होतो. शिवाय काडतुसात हवा शिरली की नंतर पेन दुरुस्त झालं तरी ते डोस बरोबर देत नाही. २०० आणि ३०० ताकदीचीही पेनं आता मिळतात. त्यांच्यातून सिरिंजने ओढणं तर कोणत्याही कारणाने करू नये, कारण त्या ताकदीच्या सिरिंजच मिळत नाहीत. १ मिलिलिटरची साधी सिरिंज, जिच्यावर फक्त मिलिलिटरचे आकडे असतात, तीही इन्सुलिनसाठी नको.

‘४०ची बाटली आहे, केशरी सिरिंज आहे, मग अडीचने गुणून भरू का?’ हिशेब बरोबर आहे: २० युनिटांसाठी केशरी सिरिंजवर ५० ची रेघ. पण हा हिशेब पेशंटला किंवा नातेवाइकांना शिकवू नये. आज अडीचने गुणणारा माणूस उद्या लाल सिरिंज हातात आल्यावरही सवयीने गुणतो. योग्य सिरिंज आणायला कुणाला तरी दुकानात पाठवणं सोपं आहे.

जास्त डोस गेल्याचं लक्षात आलं, तर लक्षणांची वाट बघू नका. लगेच शुगर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. शुगर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. जेवणाआधी व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल, तर साखर नको, ग्लुकोज पावडरच द्या. या गोळ्या साखरेचं पचन अडवतात, म्हणून साखरेने शुगर लवकर वर येत नाही. मिश्र इन्सुलिनचा असर १२ तासांहून जास्त टिकतो. एकदा शुगर ११० आली म्हणून निश्चिंत होऊन झोपू नये, दवाखान्यात जावं. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. डोस कमी गेल्याचं कळलं, तर राहिलेलं इन्सुलिन मनानेच वरून टोचू नका, डॉक्टरांना विचारा.

डिस्चार्ज देताना सिस्टरांनी कार्डावर डोससोबत तीन गोष्टी लिहाव्यात: इन्सुलिनचं नाव, ताकद आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग. उदाहरणार्थ, ‘मिश्र ३०/७०, ४०ची बाटली, लाल टोपणाची सिरिंज, सकाळी २० युनिट, रात्री १२ युनिट, जेवणाआधी अर्धा तास.’ ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. घाईत इंग्रजीत लिहिलेलं ‘यू’ हे अक्षर शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. मग नातेवाइकांना ‘समजलं का?’ असं विचारू नये. त्याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी लाल आणि केशरी दोन्ही सिरिंज समोर ठेवाव्यात आणि म्हणावं, ‘काकू, या बाटलीसाठी यातली कुठली घ्याल? तिच्यात २० भरून दाखवा.’ चुकीची उचलली तर तिथेच कळतं.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. ब्रिटनने १९८३ मध्ये १००ची ताकद स्वीकारली, आणि अमेरिकेतही माणसांसाठी १००च्याच सिरिंज सर्रास मिळतात. ४०ची सिरिंज तिथे मुख्यतः कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी विकली जाते. म्हणून इथून ४०ची बाटली नेत असाल, तर मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना पुरतील एवढ्या लाल टोपणाच्या सिरिंज, आणि हरवण्या-तुटण्यासाठी थोड्या जास्त, सोबत न्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, कारण विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरता येत नाही. मुक्काम तीन-चार महिन्यांचा असेल, तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून पेनवर या, आणि इथे घरीच हात बसवून मग विमानात बसा.