वाळका शंकू पाण्यात टाकला की

पाइनच्या झाडाखाली पडलेला वाळका शंकू पाण्यात बुडवून ठेवा. काही वेळाने त्याचे उघडे खवले मिटतात. वाळला की पुन्हा उघडतात. त्यातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात, तरी तो हलतो. खवल्यात चिकटून असलेले दोन थर असतात. बाहेरच्या थरात सेल्युलोजचे (वनस्पतींच्या पेशीभिंती ज्याच्या बनतात त्याचे) तंतू पेशीभोवती आडवे गुंडाळलेले, म्हणून ओल लागली की तो लांबीला वाढतो. आतल्या थरातले तंतू बरेचसे उभे, ते वाढू देत नाहीत. परिणामी खवला वाकतो. हे कोडे १९९७ साली उलगडले, आणि थ्रीडी प्रिंटरने छापलेल्या, आकार बदलणाऱ्या पदार्थांचे मूळ मला याच खवल्यात दिसते.

जोडथराची युक्ती माणसाला ठाऊक होतीच. जॉन हॅरिसनने अठराव्या शतकातच सागरी घड्याळात पितळ आणि पोलादाची, तापमानाप्रमाणे वाकणारी जोडपट्टी वापरली होती. तापवल्यावर मूळ आकार आठवणारा नितिनॉल हा मिश्रधातूही साठच्या दशकापासून माहीत आहे.

थरावर थर देऊन वस्तू छापण्याचा, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगचा ओढा मात्र उलट दिशेला होता. चक हल यांना १९८६ मध्ये अशा छपाईच्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तेव्हापासून धडपड एकच: छापलेली वस्तू जशीच्या तशी राहावी. ती वाकली की वाया गेली. २०१३ मध्ये एमआयटीच्या स्कायलर टिबिट्स यांनी हे वाकणेच हवेसे ठरवले. त्यांची छापील दोरी पाण्यात पडताच आपोआप वळून अक्षरे बनली. वेळ ही चौथी मिती धरून त्यांनी याला ‘फोरडी प्रिंटिंग’ म्हटले.

माझ्या मते खरी उडी २०१६ ची. हार्वर्डमध्ये जेनिफर लुईस आणि एल. महादेवन यांच्या गटाने हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या जेलच्या शाईत लाकडातले सेल्युलोजचे बारीक तंतू मिसळले. शाई नोझलच्या अरुंद तोंडातून निघताना तंतू छपाईच्या रेघेला समांतर होतात. मग पाण्यात ती रेघ लांबीला कमी आणि रुंदीला जास्त फुगते. रेघा कुठल्या दिशेने ओढायच्या, एवढे ठरवले की झाले! सपाट छापलेल्या पाकळ्या पाण्यात वळून ऑर्किडसारखे फूल झाले. पाइन जे वाढताना करते, ते इथे नोझलने केले.

अडचण वेगाची आहे. पाणी झिरपायला वेळ लागतो, आणि जाडी वाढली की तो झपाट्याने वाढतो. व्हीनस फ्लायट्रॅप ही कीटक पकडणारी वनस्पती मात्र सेकंदाच्या दहाव्या भागात मिटते. महादेवन यांच्याच गटाने २००५ मध्ये दाखवले, की तिचे बाकदार पान ताण साठवत जाते आणि एका क्षणी फट्कन उलटे वळते.