देणगी कोणत्या वहीत दिसते? निवडणूक रोख्यांची पार्श्वभूमी

निवडणूक रोखा म्हणजे बँकेतून विकत घेऊन राजकीय पक्षाला देणगी म्हणून देता येणारा, देणगीदाराचे नाव नसलेला कागद. त्याची गोष्ट बरीच आधी सुरू होते. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात दुरुस्ती मागितली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कायद्यात मनाई नव्हती, त्यामुळे परवानगी मिळाली. पण मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी निकालातच बजावले, की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळू शकतो, संसदेने वेळीच लक्ष घालावे.

संसदेने १९६० मध्ये कंपनी कायद्यात कलम २९३अ घातले. देणगीवर मर्यादा आली, आणि रक्कम व पक्षाचे नाव नफा-तोटा पत्रकात छापणे बंधनकारक झाले. पुढच्या सगळ्या वादाचा कणा ही छापील ओळच आहे. भागधारक, पत्रकार, प्रतिस्पर्धी, कोणालाही ती वाचता येत होती.

१९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. पैसा थांबला नाही. तो रोखीत गेला, नाहीतर पक्षांच्या स्मरणिकांतल्या महागड्या जाहिरातींच्या रूपाने येऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठली: तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी, संचालक मंडळाचा ठराव आणि पुन्हा ती छापील ओळ. २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा ७.५ टक्के केली.

२०१७ च्या वित्त कायद्याने टक्केवारीची मर्यादा काढली, म्हणजे तोट्यातली कंपनीही देणगी देऊ शकत होती. पक्षाचे नाव छापण्याची अटही गेली. विधेयक धनविधेयक म्हणून आल्याने राज्यसभेला ते अडवता येत नव्हते. येऊ घातलेल्या रोख्यांवर रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग, दोघांचेही आक्षेप सरकारदरबारी नोंदलेले होते.

जानेवारी २०१८ मध्ये रोखे अधिसूचित झाले. विक्री फक्त स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत, किंमत १ हजार ते १ कोटी, वटवण्याची मुदत १५ दिवस. रोख्यावर नाव नसे. मात्र अतिनील प्रकाशातच दिसणारा क्रमांक असे, आणि खरेदीदाराची ओळख बँकेकडे असे. म्हणजे सरकारी मालकीच्या बँकेला सारे ठाऊक, मतदाराला काहीच नाही. माझ्या मते योजनेतला सर्वांत मोठा दोष हाच.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी योजना आणि त्यासोबतच्या कायदादुरुस्त्या घटनाबाह्य ठरवल्या. न्यायालयाने मागितलेला रोख्यांचा तपशील देण्यासाठी स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती ११ मार्चला फेटाळली गेली. आधी खरेदीदार आणि पक्षांच्या दोन सुट्या याद्या आल्या. त्या जुळवणारे क्रमांक न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला मिळाले. ही आकडेवारी १२ एप्रिल २०१९ पासूनची आहे; त्याआधी विकलेले रोखे तीत नाहीत. शिवाय खरेदीदार म्हणून उपकंपनीचे नाव असेल तर मूळ उद्योगसमूह शोधायला संचालकांच्या नोंदी चाळाव्या लागतात. रोखेखरेदीच्या तारखा सरकारी कंत्राटांच्या किंवा तपास यंत्रणांच्या छाप्यांच्या तारखांशेजारी ठेवल्या की संशय उभा राहतो, पुरावा नव्हे.

रोखे गेले, निवडणूक न्यास, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्था, उरले. २०१३ च्या योजनेनुसार न्यास वर्षभरात जमलेल्या देणग्यांपैकी ९५ टक्के पक्षांना वाटतो आणि देणगीदारांची नावेही कळवतो. पण अनेकांचा पैसा एकाच खात्यात पडल्यावर कोणाचे किती कोणत्या पक्षाला गेले, हे त्या यादीवरून सांगता येत नाही.